युद्ध पेटलेले असताना क्वेकर नुसते भेटीला का जातात?

क्वेकर हा युद्धाला विरोध करणारा ख्रिस्ती पंथ. सोबत मदतसाहित्य नाही, मध्यस्थीचा अधिकार नाही, मग अशा भेटीचा उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. जॉन वुलमन यांचा १७६३ चा प्रवास पाहिल्यास त्याचे उत्तर बऱ्यापैकी मिळते. न्यू जर्सीतील हे क्वेकर शिंपी सस्क्वेहाना नदीकाठच्या वायलूसिंगला, पापुनहँग या धर्मनिष्ठ नेत्याभोवती जमलेल्या डेलावेअर या मूळ अमेरिकन लोकांच्या भेटीस निघाले, तेव्हा सीमेवर पाँटिअॅकचे युद्ध (मूळ अमेरिकनांचा इंग्रजांविरुद्धचा उठाव) सुरू होते आणि निघण्याच्या आदल्या रात्रीच इंग्रजांच्या हत्येची बातमी आली होती. अशी भेट ही एकट्याची लहर नसते: अंतःप्रेरणा आधी आपल्या सभेपुढे, म्हणजे स्थानिक क्वेकर मंडळीपुढे, मांडावी लागते आणि ती सभेला पटली तरच लेखी संमतिपत्र मिळते, जे वुलमन यांनीही घेतले होते. त्या लोकांचे जीवन समजून घ्यावे, जमल्यास त्यांच्याकडून काही शिकावे, हा त्यांचा हेतू होता. तेथे आधीच पोहोचलेल्या मोरेव्हियन या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या धर्मप्रचारकाशी त्यांनी स्पर्धा केली नाही (माझ्या मते हा संयम सर्वांत बोलका आहे), आणि एका सभेत तर दुभाष्याविनाच प्रार्थना केली, जी पापुनहँगला भाषा न कळताही भावली. युद्ध अर्थातच थांबले नाही. त्याच डिसेंबरात पेनसिल्व्हेनियात गोऱ्या वसाहतवाल्यांच्या पॅक्स्टन टोळीने निःशस्त्र कोनेस्टोगा या मूळ अमेरिकनांची कत्तल केली.