राळ म्हणावं की रेझिन?

लिग्निन या लाकडातल्या द्रव्यावरच्या एका माहितीपर मजकुराचं मराठी करणाऱ्या वाचकाने हे वाक्य पाठवलं आहे : ‘हिरव्या द्रावकांच्या मदतीने वनस्पतीजन्य बहुलकांत सुधारणा करून ते राळेत वापरतात.’ (द्रावक म्हणजे दुसरं द्रव्य विरघळवणारा द्रव, बहुलक म्हणजे पॉलिमर.) त्यांचा प्रश्न, ‘रेझिनला राळ म्हटलेलं चालेल का? शब्दकोशात तर तेच दिलंय. काही जण डिंकही सुचवतात.’

डिंक नको, हे आधी सांगतो. डिंक आणि राळ दोन्ही झाडातून पाझरतात, दोन्हींचे खडे होतात, पण आपल्या भाषेने त्यांना कधी एक मानलं नाही. त्यामागे चोख रसायनशास्त्र आहे. बाभळीच्या डिंकाचा खडा रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी वाटीत घट्ट चिकट पाणी झालेलं असतं. चिडाच्या राळेचा खडा त्याच पाण्यात आठवडाभर ठेवला तरी जसाच्या तसा राहतो. तोच स्पिरिटमध्ये टाकला तर विरघळतो, आणि त्यात पाण्याचे चार थेंब पडले की द्रावण दुधासारखं पांढरं होतं, कारण राळ पुन्हा बाहेर पडते. मी हे घरी काचेच्या वाटीत करून पाहिलं आहे, तुम्हीही पाहा. पाण्यात विरघळतो तो डिंक, पाण्याला दाद देत नाही ती राळ. कोणत्या द्रावकात काय विरघळतं, यावरूनच हे दोन शब्द वेगळे राहिले.

आता राळ. हा शब्द मला फार प्रिय आहे. दशावतारात राक्षसाच्या प्रवेशाला पेटत्या मशालीवर राळेची पूड फेकतात आणि भपकन ज्वाळा उठते. ‘आरोपांची राळ उडवणे’ या वाक्प्रचारामागे मला तीच ज्वाळा दिसते. तरीही तुमच्या वाक्यात राळ बसत नाही. राळ तापवली की मऊ होते, वितळते, गार झाली की पुन्हा घट्ट होते, आणि हे कितीही वेळा करता येतं. प्लायवूडचे थर चिकटवणारं फिनॉल-फॉर्मल्डिहाइड रेझिन याच्या उलट वागतं. ते सुरुवातीला पातळ असतं, उष्णतेने आवळतं, आणि एकदा आवळलं की वितळत नाही, कशात विरघळतही नाही. रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड यांनी 1907 साली ज्यापासून बेकलाइट हे प्लास्टिक बनवलं, ते हेच. कुकरची काळी मूठ रोज गरम होऊनही मऊ पडत नाही, ती याच जातीच्या रेझिनमुळे. झाडाची ती राळ आणि कारखान्यातलं ते रेझिन, हा भेद मराठीत आपोआप रुजला आहे. रेझिनच्या नावाच्या पाट्या करणारी मुलगी ‘राळेची पाटी’ म्हणत नाही. तो भेद राहू द्या.

तुम्ही विचारलं नाही, पण मला जास्त खटकला तो ‘सुधारणा’ हा शब्द. तुमच्या वाक्यातलं बहुलक म्हणजे लिग्निन, लाकडाला ताठपणा देणारं द्रव्य. लॅटिनमधल्या लाकूडवाचक ‘लिग्नम’वरून ते नाव पडलं. उसाच्या चिपाडातही ते साधारण पाचवा हिस्सा असतं. त्याची घडण फिनॉलसारखी असल्याने रेझिनमधल्या फिनॉलची काही जागा ते घेऊ शकतं, पण फॉर्मल्डिहाइडला धरायला त्याच्या रेणूतल्या कड्यांवर (रिंगांवर) मोकळ्या जागा कमी. म्हणून आधी त्याच्यावर फिनॉलची प्रक्रिया करून त्या जागा वाढवतात. यात लिग्निन ‘सुधारत’ नाही, त्याला नवा गुण येतो. यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे, संस्कार. चरकसंहितेच्या विमानस्थानात त्याची व्याख्याच आहे : ‘संस्कारो हि गुणान्तराधानमुच्यते’, वेगळा गुण आणणे म्हणजे संस्कार. पाणी, अग्नी, घुसळणं ही त्याची साधनंही तिथे सांगितली आहेत. तेव्हा ‘संस्कारित लिग्निन’ म्हणा.

‘हिरवे द्रावक’ वाचून डोळ्यांपुढे हिरवं पाणी येतं; अभिप्रेत आहेत ते पर्यावरणाला कमी घातक द्रावक. लिग्निन विरघळलेला द्रावक प्रत्यक्षात काळपट तपकिरी दिसतो. हरितक्रांती, हरितगृह या शब्दांनी ‘हरित’ला व्यापक अर्थ आधीच दिला आहे, तोच घ्यावा. द्रावक की विद्रावक, यात मला वावगं काही वाटत नाही, फक्त एका लेखात एकच ठेवा.

याच द्रावकांमुळे विरघळणे आणि वितळणे यांच्या मधला एक शब्द मला नव्याने सापडला. अशा एका द्रावकाचं उदाहरण घ्या. कोलीन क्लोराइड हा क्षार 302 अंश सेल्सिअसला वितळतो, युरिया 133 अंशांना. कोलीन क्लोराइडच्या एका रेणूला युरियाचे दोन या प्रमाणात ते एकत्र केले, तर मिश्रण 12 अंशांपर्यंत पातळ राहतं. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2003 साली हे मांडलं. युरियाच्या जागी लॅक्टिक आम्ल घेतलं की त्या पातळ मिश्रणात लिग्निन चांगलं विरघळतं. हे परकं वाटत असेल तर अमृतधारा हे घरगुती औषध आठवा. कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल (ही खरी फुलं नव्हेत, ओव्याच्या नि पुदिन्याच्या अर्काचे स्फटिक), तिन्ही कोरडी, एका बाटलीत घालून हलवली की थेंबभर पाण्याविना पातळ होतात. इथे विरघळवणारा वेगळा कोणी नाही, आचही नाही. पावसाळ्यात गुळाला सुटतो तसा ओलावा त्यांना सुटतो. माझी आजी म्हणायची, ‘कापूर नि फूल पाघळले बघ.’ गूळ हवेतलं पाणी घेऊन पाघळतो, ही तीन द्रव्यं एकमेकांना पाघळवतात. कारण निराळं, पण डोळ्यांना दिसतं ते तेच, आणि ‘पाघळणे’ याहून जवळचं क्रियापद मला तरी माहीत नाही.

तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘हरित द्रावकांत वनस्पतिजन्य बहुवारिकांवर संस्कार करून ती रेझिनमध्ये वापरतात.’ ‘बहुलक’ हिंदीतला, मराठीत बहुवारिक रूढ आहे. आणि ‘वनस्पती’ एकटा असताना ‘ती’ दीर्घ, समासात मात्र ऱ्हस्व, वनस्पतिशास्त्रात असतो तसा.