'पंचनामा'तले पंच किती आणि नामा कुठला?

प्रश्न कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वाचकाचा आहे. चार मित्रांनी 'प्यार का पंचनामा' (2011) आणि त्याचा दुसरा भाग (2015) लागोपाठ पाहिले आणि रात्री रंकाळ्यावर वाद घातला. एक म्हणाला, पंचनामा म्हणजे पाच जणांची नावं. दुसरा म्हणाला, सिनेमात तीन मित्र आणि त्यांच्या तीन मैत्रिणी, मग पाच आले कुठून? तिसऱ्याच्या मते हा 'पंच' पंचलाइनमधला, म्हणजे ठोसा. आणि चौथा विचारतो की शब्द मराठी की हिंदी, आणि 'त्याचा पंचनामा केला' म्हणजे त्याची धुलाई केली, हे बरोबर का?

ठोशाचा इथे काही संबंध नाही. तो विषय संपला.

धुलाईचं मात्र इतक्या सहज सोडता येत नाही. हल्ली बातम्या देणारे रोज कुणाचा तरी 'पंचनामा' करतात. कुणी कुणावर टीका केली की पंचनामा, सभेत चार शिव्या हासडल्या की पंचनामा. या गावात तरी हे खपवून घेऊ नये. 2019 चा आणि 2021 चा महापूर बघितलेल्या माणसाला पंचनामा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पाणी ओसरल्यावर चिखलीत, आंबेवाडीत, शिरोळ तालुक्यात लोक एकमेकांना एकच विचारत होते, "पंचनामा झाला का?" तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येऊन पडलेली भिंत आणि कुजलेला ऊस डोळ्यांनी बघणार, ते कागदावर उतरणार, त्याखाली सह्या होणार, तेव्हा नुकसान झालं असं सरकारदरबारी धरलं जाणार. त्या कागदात कुणाची खरडपट्टी नसते. जे दिसलं ते, जसं दिसलं तसं, एवढंच असतं. धुलाईला आपल्याकडे शब्द काय कमी आहेत? खरडपट्टी आहे, हजेरी घेणं आहे, बिनपाण्यानं करणं आहे. यातलं हजेरी घेणं लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता पंच. मुळात पाच हे खरं, 'पाचामुखी परमेश्वर' मधले तेच पाच. पण हा शब्द माणसाला चिकटल्यावर त्यातला आकडा गळून गेला. खासबागेत कुस्ती लावणारा एकटा माणूस पंचच असतो, त्याला कुणी एकपंचमांश म्हणत नाही. आणि पोलिसांच्या पंचनाम्याला पंच लागतात किमान दोन. झडतीच्या वेळी त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी बोलवावेत, असं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 मध्ये होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम 103 मध्ये आहे. दोन माणसं आणि नाव पंच! कोल्हापूरकराला याचं नवल वाटायचं कारण नाही. आपली पंचगंगा पाच नद्यांची म्हणायची. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार डोळ्यांना दिसतात आणि पाचवी सरस्वती गुप्त. आकडा पाचाचा, मोजणी श्रद्धेची. तेव्हा सिनेमातली सहा माणसं मोजून काही हाती लागणार नाही.

नामा. इथे माझं बऱ्याच जाणत्या मंडळींशी वाजतं. व्याख्यानांतून आणि लेखांतून एक व्युत्पत्ती फिरते: पंचांची नावं ज्यात आहेत तो पंचनामा, पंच अधिक नाम, शुद्ध संस्कृत. हे साफ चूक आहे. हा नामा फारसीतला 'नामे', म्हणजे लेख, कागद, ग्रंथ. शाहनामा, बाबरनामा, अकबरनामा यांतला तोच. तो फारसी शब्द मागे नेत गेलं तर 'नाम' पाशीच पोचतो आणि ते नाम संस्कृत नामन् चं सख्खं भावंड आहे, हे खरं. पण त्या भावंडांची ताटातूट हजारो वर्षांपूर्वी झाली. आपल्याकडे जो नामा आला तो कागद होऊन आला. नाहीतर जाहीरनाम्यात कुणाचं नाव जाहीर होतं? करारनामा, तहनामा, कबूलनामा, सरनामा, कोर्टातला रोजनामा, यातल्या एकाचाही अर्थ 'नाव' धरून लावून दाखवा. बेनामी मालमत्तेतला नाम नावाचा, पंचनाम्यातला नामा कागदाचा. दोघांची गल्लत शाळकरी मुलानं केली तर समजू शकतो, व्यासपीठावरून करू नये.

राजीनाम्याचंच बघा. हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोडीचा कागद, दोन्ही बाजू राजी आहेत असा. मराठीत मात्र नोकरी सोडण्याचा. असं का? माझ्या मते याचं उत्तर शेतसाऱ्याच्या दप्तरात आहे. मुंबई इलाख्यात शेतकरी जमीन सोडताना राजीनामा लिहून द्यायचा आणि नवा घेणारा कबुलायत, म्हणजे ती जमीन घेतल्याची लेखी कबुली. मी राजीखुशीनं सोडतो, असा तो कागद. जमीन सोडण्याचा कागद पुढे खुर्ची सोडण्याचा झाला. म्हणजे इथेही नामा कागदच राहिला, बदललं ते राजी होण्याचं कारण.

या नाम्यांना आपल्या राज्यकर्त्यांनी पर्यायही शोधले होते. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशानं फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले. रामचंद्रपंत अमात्यांनी करवीरच्या दुसऱ्या संभाजीराजांच्या काळात राजनीतीवर लिहिलं, ते 'आज्ञापत्र', हुकूमनामा नव्हे. 'पत्र' पुष्कळ ठिकाणी रुजलं: प्रतिज्ञापत्र, मृत्युपत्र, मुखत्यारपत्र. पंचनाम्याला मात्र ते हलवू शकलं नाही, आणि हलवायची गरजही नाही. आपल्या राजाराम कॉलेजात शिकवलेल्या माधव जूलियनांनी 1925 साली फार्शी-मराठी कोश दिला, त्या कोशाचं ऋण मोठं आहे. पण तेच पुढे भाषाशुद्धीच्या बाजूला उभे राहिले, तिथे माझा त्यांना विरोध आहे. संस्कृत पंच आणि फारसी नामा यांचं लग्न लागून पिढ्या लोटल्या. ते मोडायचा अधिकार कुणालाच नाही.

आता जे सांगण्यासाठी हा सगळा खटाटोप. पंचनामा ही इंग्रजी अमदानीत पोलिसांबरोबर आलेली चीज, असं मानणारे अभ्यासक आहेत. मला ते मुळीच पटत नाही. कायद्याचा साचा इंग्रजांचा असेल, जीव जुना आहे, आणि त्याचं जुनं नाव महजर. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा तंटा निघाला की गोतसभा बसायची. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार समोर बसून ऐकायचे, निवाडा व्हायचा आणि जो कागद व्हायचा तो महजर. त्यावर हजर असलेल्यांची नावं आणि ज्याला लिहिता येत नाही त्याची निशाणी. पाटलाच्या नावाशी नांगर, बलुतेदारांच्या नावांशी ज्याच्या त्याच्या कामाचं हत्यार.

महजर हा अरबी शब्द, आणि त्याचं मूळ कोणतं? जे हजरचं आहे तेच. हजर, हजेरी, हुजूर, हजरत, सगळी एका कुळातली. महजर म्हणजे हजर असलेल्यांचा कागद! शाळेतल्या हजेरीपासून छत्रपतींच्या हुजुरापर्यंत एकच धातू आणि त्याच धातूतून गावानं एकत्र बसून केलेला निवाडा. या कागदाचं सगळं बळ त्यावर सही करणारा तिथे हजर होता यात आहे. आजचा कुठलाही पंचनामा उघडून वाचा. 'आम्ही पंच समक्ष हजर राहून' हे त्यात येतंच. समक्ष म्हणजे डोळ्यांसमोर. तीनशे वर्षांत भाषा बदलली, लिपी मोडीची बाळबोध झाली, आणि 'हजर' जागचा हलला नाही. फार लांब जायला नको, कागल ओलांडून निपाणीकडे जा. कर्नाटकात पोलिसांच्या कागदांत महजर हा शब्द आजही नांदतो आहे. आपण नाव बदललं, त्यांनी जुनं जपलं. कागद एकच.

म्हणूनच धुलाईला 'हजेरी घेतली' म्हणा. कूळ तेच आणि मराठीत ते रुळलेलंही आहे. पंचनाम्याला त्यात ओढू नका.

सिनेमाकडे येतो. लव रंजनच्या या दोन्ही चित्रपटांत लोकांच्या लक्षात राहिलं ते कार्तिक आर्यनचं लांबलचक, न थांबणारं बोलणं. पहिल्या भागात त्याचा रजत प्रेमात कसा भरडला गेला ते एका दमात सांगतो. पोरं ते आजही पाठ म्हणून दाखवतात, आणि त्यातला कळवळा खरा आहे म्हणून ते टिकलं. पण शब्दाच्या कसोटीवर तो पंचनामा ठरत नाही. पंच तटस्थ हवा. ज्याचं नुकसान झालं तोच बोलतो आहे, आणि ऐकणारे मित्र त्याच्याच बाजूचे. याला पोलिसांत फिर्याद म्हणतात. आणि फिर्यादीचं मूळही फारसीच: फर्याद म्हणजे मदतीसाठी फोडलेला टाहो. रजतचं ते बोलणं अक्षरशः टाहो आहे. शीर्षक 'प्यार की फरियाद' असतं तर मी त्यात काना-मात्रेचीही चूक काढली नसती.

दुसऱ्या भागाला त्याच हिशेबानं फेरपंचनामा म्हणता येत नाही. फेरपंचनामा त्याच घटनेचा होतो, पहिला नीट झाला नाही म्हणून. इथे कार्तिक आर्यन परत असला तरी पात्र वेगळं, बाकीचे दोन मित्र वेगळ्या नटांचे, घटना नव्या. तेव्हा '2' हा आकडाच योग्य.

आणि मराठी की हिंदी? सिनेमा हिंदी, गोष्ट दिल्लीकडची. पण उत्तर प्रदेशात मृतदेहाच्या पंचनाम्याला पंचायतनामा म्हणतात आणि जप्तीच्या कागदाला फर्द. पंचनामा हा शब्द खरा मुरला तो जुन्या मुंबई इलाख्यात, मराठीत आणि गुजरातीत. मुंबईच्या सिनेमानं तो आपल्याकडून उचलला, असं मी धरून चालतो. पैज लागली असेल तर मराठी म्हणणाऱ्याला द्या. अनेकवचन पंचनामे, आणि तो पुल्लिंगी आहे. 'पंचनामा झाली' असं परवा एका मोठ्या फलकावर वाचलं, तेही कुणीतरी दुरुस्त करावं.