केस वेगळी, दारू वेगळी

प्रिय मित्रा,

पिऊन गाडी चालवताना पकडला गेलास, रात्र कोठडीत काढलीस, जामिनावर घरी आलास आणि आता विचारतोस, "काका, सगळं संपलं का?" संपलेलं नाही. कुणालाही इजा झाली नाही, हे तुझ्या पत्रातलं सर्वांत मोठं वाक्य आहे आणि ते तू अगदी शेवटी, घाईत लिहिलंस. मला ते सर्वांत आधी वाचायला आवडलं असतं.

मी वकील नाही. पण अशा केसमध्ये सापडलेल्या तरुणांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर बरीच वर्षं बसतो आहे, आणि एक घोळ पुन्हा पुन्हा पाहतो. तुझ्यावरचा आरोप ही एक गोष्ट आणि तुझं पिणं ही दुसरी. या दोन्हींची सरमिसळ होते. केसबद्दल जिथे तोंड बंद ठेवायचं, तिथे माणूस भेटेल त्याला सगळं सांगत सुटतो. आणि स्वतःशी जिथे खरं बोलायचं, तिथे वकिलाने कोर्टासाठी मांडलेला बचाव घोकत बसतो.

आधी केस. आज झोपण्यापूर्वी त्या दिवशी दुपारपासूनचं सगळं लिहून काढ. काय खाल्लंस, काय आणि किती प्यायलास, शेवटचा घोट किती वाजता घेतलास, गाडी कुठे आणि का अडवली, फुंकायला किती वाजता लावलं, त्याआधी किती वेळ थांबवलं, यंत्रातून छापील पावती निघाली का. रक्त घेतलं असेल तर कुणी, कुठे, आणि नळीवर सील तुझ्यासमोर लावलं का. काही औषध चालू असेल तर तेही लिही. तुला स्वतःला आठवतं ते एका पानावर आणि मित्रांनी नंतर सांगितलं ते दुसऱ्या पानावर. जास्त दारू पोटात असताना मेंदू आठवणी नीट साठवत नाही. राहिलेल्या रिकाम्या जागा मन आपणच भरून टाकतं, आणि काही दिवसांनी तो भराव खरा वाटायला लागतो. पानांच्या डोक्यावर 'वकिलांसाठी' असं लिही आणि दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस. मलाही नको.

वेळांचा एवढा आग्रह का, ते सांगतो. शरीर दारू जवळपास ठरावीक वेगाने बाहेर टाकतं. दर तासाला 100 मिलिलिटर रक्तामागे साधारण 15 मिलिग्रॅम, कुणाचा वेग 10, कुणाचा 20. पण शेवटच्या घोटानंतरही काही काळ रक्तातली पातळी चढतच असते. म्हणून गाडी चालवतानाचा आकडा आणि टेस्टच्या वेळचा आकडा एकच असेल असं नाही. शिवाय ब्रेथ अ‍ॅनालायझर रक्त मोजतच नाही. तो श्वासातली दारू मोजतो आणि ठरलेल्या गुणोत्तराने, अनेक यंत्रांत 2100 ला 1, रक्तातली पातळी काढतो. तोंडात नुकत्याच घेतलेल्या घोटाची दारू असेल किंवा ढेकरेबरोबर वर आली असेल, तर आकडा फुगतो. त्यासाठीच फुंकण्याआधी सुमारे 15 मिनिटं माणसावर नजर ठेवायची पद्धत आहे. रस्त्यावरचं हातातलं यंत्र पुष्कळ ठिकाणी फक्त प्राथमिक तपासणीसाठी असतं, कोर्टात धरला जाणारा आकडा नंतरच्या टेस्टचा असतो. यातलं काय तुझ्या केसला लागू पडतं ते वकील बघेल. त्याला तपशील पुरवणं एवढंच तुझं काम.

मित्रांच्या अनुभवावर विसंबू नकोस. कायदेशीर मर्यादाच जागोजागी वेगळी आहे. 100 मिलिलिटर रक्तामागे स्वीडनमध्ये 20 मिलिग्रॅम, भारतात 30, स्कॉटलंडमध्ये 50, आणि शेजारच्याच इंग्लंडमध्ये 80. टेस्टला नकार दिला तर कित्येक देशांत तोच स्वतंत्र गुन्हा ठरतो. त्यामुळे "मी असा सुटलो" ही गोष्ट सांगणाऱ्याचं ऐकून घे आणि तिथेच सोडून दे.

वकील याच आठवड्यात गाठ. फी परवडत नसेल तर कोर्टाकडून मोफत वकील मिळण्याची सोय आहे का, ते विचार. विचारण्यात कमीपणा नाही. भेटायला जाताना मिळालेला प्रत्येक कागद बरोबर ने आणि जामिनाच्या अटी स्वतः शब्दन् शब्द वाच. पहिल्या भेटीतच लायसन्सचं विचार. बऱ्याच ठिकाणी लायसन्स निलंबित करण्याची कारवाई फौजदारी खटल्यापासून वेगळी चालते आणि तिची मुदत फार छोटी असते. कॅलिफोर्नियात सुनावणी मागायला फक्त 10 दिवस मिळतात. कोर्टाची तारीख लांब आहे म्हणून निवांत बसलेली मुलं इथेच फसतात. लायसन्स काढून घेतलं असेल तर कोपऱ्यापर्यंतसुद्धा गाडी नेऊ नकोस. निलंबनात गाडी चालवताना सापडलास, तर पहिल्या चुकीकडे जरा नरमाईने बघणारा न्यायाधीशही मग तसं बघणार नाही.

पोलिसांशी सभ्यपणे वाग, नाव-पत्ता खरा दे, आणि घटनेबद्दल विचारलं तर वकिलाशी बोलून सांगतो एवढंच म्हण. फोनवर, मेसेजमध्ये, ग्रुपवर एक अक्षर नको. त्या रात्रीचे फोटो मित्रांनी टाकले असतील तर त्याबद्दलही आधी वकिलाला विचार, आपल्या मनाने काही पुसत बसू नकोस. पुरावा नष्ट केला असा नवा आरोप ओढवून घेशील. आणि "देऊन-घेऊन मिटवतो" म्हणणारा कुणी भेटला तर तिथून उठ. लाच हा दुसरा गुन्हा आहे, आणि तो तू पूर्ण शुद्धीत केलेला असेल.

गुन्हा कबूल करावा का? कागद न बघता पहिल्याच तारखेला "झालं ते झालं, संपवा एकदाचं" म्हणून कबुली देऊ नकोस. सगळं तपासून, वकिलाशी बोलून दिलेली कबुली मात्र अनेकदा शहाणपणाची असते. लवकर कबुली दिली तर शिक्षेत सूट देणाऱ्या व्यवस्था आहेत. इंग्लंडमध्ये ती एक तृतीयांशापर्यंत मिळते. हा निर्णय घाबरून घेऊ नकोस आणि अहंकारानेही घेऊ नकोस.

आता दारू. खरं तर मला तुझ्याशी बोलायचंय ते याबद्दल.

समज, यंत्राची तपासणी वेळेवर झाली नव्हती असं निघालं आणि तू सुटलास. मला आनंदच होईल. कायद्याने पुरावा काटेकोर मागितलाच पाहिजे. पण त्या निकालाने ठरलं एवढंच, की तो आकडा पुरावा म्हणून चालत नाही. स्टिअरिंगवर बसलास तेव्हा तुझ्या पोटात किती दारू होती, हा प्रश्न होता तिथेच आहे. "यंत्र चुकीचं होतं" हे वाक्य वकिलाच्या तोंडी शोभतं. ते तू घरात आईला ऐकवायला लागलास, की पुढची वेळ जवळ आली असं मी समजतो. सुटलेला मुलगा वर्षभरात पुन्हा पकडला गेलेला मी पाहिला आहे, आणि दुसऱ्यांदा कायदा फार कडक होतो.

पत्रात तू "दोनच पेग" लिहिलं आहेस. घरी ओतलेले की बारमध्ये मोजलेले? ग्लास मध्येच कुणी भरला का? याचं उत्तर मला नको, स्वतःला दे. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची 10 प्रश्नांची चाचणी आहे. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 4 गुण, एकूण 40. 8 किंवा त्याहून जास्त आले तर पिणं धोक्याच्या पातळीवर गेलं असं धरतात. एकटा बसून ती सोडव आणि उत्तरांचा कागद डॉक्टरकडे घेऊन जा. कोर्टात चांगलं दिसावं म्हणून समुपदेशन सुरू करायला वकील सांगेल. जरूर कर, पण त्या खोलीत गेल्यावर कोर्ट विसर.

एक गोष्ट मात्र नीट ऐक. तू रोज आणि भरपूर पीत असशील, तर शपथ घेऊन एका झटक्यात बंद करू नकोस. अशा शरीराला दारू अचानक तोडली की हात थरथरणं, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं घेऊन हे सुरक्षितपणे करता येतं. पश्चात्तापाच्या भरात घरच्यांनी मुलाला खोलीत कोंडून दारू सोडवायला घेतली, की मला धडकी भरते.

तुझं पिणं अधूनमधूनचं असेल तर काम सोपं आहे, पण नियम कडक हवा: पिणार त्या संध्याकाळी गाडी घरीच. "जाताना ठरवू" चालणार नाही, कारण ठरवणारी बुद्धीच पहिल्या ग्लासाबरोबर ढिली पडायला लागते. आणि सकाळचा हिशोब ठेव. रात्री एक वाजता पातळी 150 असेल, तर सरासरी वेगाने 80 वर यायला पावणेसहा वाजतात, 30 वर यायला नऊ, आणि शून्याला अकरा. झोप, कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. ताजंतवानं वाटतं, तेवढंच.

घरी आजच सांग. समन्स दारात येऊन कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे. नोकरीच्या ठिकाणी काय कळवावं लागतं ते करारात बघ आणि वकिलाला विचारून कर. पुढे कुठल्याही फॉर्मवर 'अटक झाली होती का' आणि 'शिक्षा झाली होती का' हे दोन निराळे प्रश्न असतात. प्रश्न नीट वाचून खरं उत्तर दे. लपवलेलं उघडकीला आलं तर ते मूळ केसपेक्षा जड जातं.

या दिवसांत रात्री मन फार काळं होतं. लाजेपायी जगणं नकोसं वाटलं, तर सकाळची वाट पाहू नकोस. त्याच क्षणी घरातल्या कुणाला उठव, मला फोन कर, किंवा थेट हॉस्पिटल गाठ. आणि त्या वेळी ग्लासाला हात लावू नकोस.

लायसन्सच्या मुदतीचं काय झालं ते वकिलाला भेटल्यावर मला लगेच कळव. तारखेला सोबत कुणी नसेल तर मी येईन.

— काका