साडेचार लाख येनचा जुना नोरिताके टी-सेट घ्यावा का?

नमस्कार. तुमचा मेल आणि फोटो दोन्ही नीट बघितले. नागोयात नोकरी, दोनेक वर्षांनी पुण्याला परतायचं, बाजूला टाकलेले नऊ लाख येन, आणि त्यातले साडेचार लाख देऊन तिथल्या एका दुकानातला नोरिताके या जपानी चिनीमातीच्या कंपनीचा 15 नगांचा टी-सेट घ्यायचा, कारण दुकानदार म्हणतो माल 1890 चा, म्हणजे जपानच्या मेइजी सम्राटाच्या काळातला आहे आणि भारतात दुप्पट भाव येईल. माझं मत स्पष्ट आहे, या पैशातून घेऊ नका.

आधी सेटबद्दल बोलू. कपाच्या बुडावरच्या शिक्क्यात पानांच्या हारात एम आहे, वर नोरिताके आणि खाली मेड इन जपान. आता ही कंपनीच मुळात 1904 साली नागोयाजवळच्या नोरिताके गावात सुरू झाली, मग 1890 चा माल कुठून येणार? दुसरं असं की 1890 च्या अमेरिकन कायद्यामुळे आयात मालावर देशाचं नाव लिहावं लागायचं, तेव्हा जपानी भांड्यांवर निप्पॉन, म्हणजे जपानचंच जपानी नाव, यायचं, 1921 मध्ये अमेरिकेने ते चालणार नाही, जपानच लिहा असं सांगितलं. म्हणून तुमचा सेट बहुतेक 1920-30 च्या दशकातला आहे, आणि मेइजी काळ तर 1912 लाच संपला. सेट सुंदर आहे यात वाद नाही, पण त्या काळात असे सेट परदेशात पाठवायला भरपूर बनले, त्यामुळे नुसतं वय बघून भाव ठरत नाही, हाताने केलेलं रंगकाम, उठावाचं सोनेरी काम आणि न फुटलेले सगळे नग यावर ठरतो.

तुम्ही स्वतःच तपासा. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन फुलाच्या पाकळीवर धरा, बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापील काम, ब्रशचे कमी-जास्त जाड फटकारे दिसले तर हाताचं, आणि बरेचदा बाह्यरेषा छापलेली आणि रंग हाताने भरलेला असं मिश्रण असतं. अंधारात किटलीत मोबाईलचा टॉर्च धरा म्हणजे बारीक तडे दिसतील. कप नखाने हलकेच वाजवा, स्वच्छ घंटेसारखा आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. आणि कान किंवा काठावरचं सोनं थोडं झिजलेलं असणं नैसर्गिक आहे, उलट बूड घासलेलं आणि सोनं मात्र कोरं करकरीत असेल तर मला शंका येते.

भावासाठी दुकानातली चिठ्ठी बघू नका, याहू ऑक्शन या जपानी ऑनलाइन लिलावाच्या साइटवर असे सेट प्रत्यक्षात कितीला विकले गेले ते बघा. मागितलेली किंमत आणि विकली गेलेली किंमत यात खूप फरक असतो. नागोयातल्याच ओसू कान्नोनच्या देवळात दर महिन्याच्या 18 आणि 28 तारखेला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथे एक चक्कर मारा, नोरिताके किती ठिकाणी दिसतं आणि काय भाव सांगतात ते ऐका.

आता पैशाचं. नऊ लाखातले अर्धे गेले तर नोकरीत काही झालं किंवा घर आवरून पुण्याला जायची वेळ आली तर तुमच्या हातात काय राहणार, याचा विचार करा, आणि आपल्याकडे अशा सेटला चटकन गिऱ्हाईक मिळत नाही, शिवाय प्रवासात एक झाकण जरी फुटलं की सेट अपुरा झाला. आणखी एक, शंभर वर्षं पूर्ण झालेली वस्तू भारतात आणली की 1972 च्या पुरातन वस्तू कायद्यामुळे पुन्हा बाहेर पाठवून विकणं फार अवघड होतं, आणि तुमचा सेट त्या वयाच्या अगदी जवळ आलाय. जपानमध्येच नियमित घ्यायचं-विकायचं म्हणाल तर जुन्या वस्तूंच्या व्यापाराचा परवाना लागतो, पोलीस स्टेशनात अर्ज करून.

मन फारच गुंतलं असेल तर पगारातून बाजूला पडेल एवढ्यात एक कप-बशीची जोडी घ्या, रोज चहा प्या त्यात, मला मनापासून आवडेल ते. आणि पूर्ण सेटबद्दल पुन्हा बोलणं झालंच तर दुकानदाराला एवढंच विचारा, आज हाच सेट मी तुम्हाला विकायला आणला असता तर तुम्ही किती दिले असते? तो जो आकडा सांगेल तो मला कळवा, मग पुढे बघू.