विचारा बिनधास्त : नववीत गेलं की भूक लागणं बंद होते काय?

प्रश्न : ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यावरून मानव विकासच्या निळ्या गाडीनं शाळेत जाते, शाळा पाचवी ते दहावी आहे. आठवीपर्यंत मी शाळेतच जेवली, यंदा नववीत गेली अन् माहं जेवण बंद झालं. घंटा तेच, व्हरांडा तोच, पण आठवीपर्यंतचे पोट्टे ताटं घेऊन लाईनीत बसतात आणि आम्ही तिकडे भितीपाशी आपापले डब्बे उघडतो. आई पहाटेच कापूस वेचाले जाते त्याच्यानं डब्बा कधी असते कधी नसते. नसला की मी नळावर पाणी पिऊन वर्गात जाऊन बसते, मैत्रिणींनी विचारलं तर उपास आहे म्हणते. स्वयंपाकाच्या मावशी हाक मारतात, ये वो पोरी, घे थोडी खिचडी, पण सर म्हणतात नववीची एंट्री होत नाही. सोमवारी आयर्नची गोळी देतात, ते घेतली की मळमळते. एकाच शाळेत असा फरक काऊन? आईले मी सांगितलं नाही, तिले वाईट वाटन. नाव छापू नका.

उत्तर : नाव नाही छापत, गावही नाही. आधी तुझ्या सरांचं बोलू, कारण राग त्यांच्यावरच निघत असेल आणि त्यांच्या हातात खरंच फार काही नाही. आपण ज्याला नुसतं खिचडी म्हणतो तो शालेय पोषण आहार, २०२१ पासून त्याचं नाव पीएम पोषण झालं, तो आठवीपर्यंतच आहे. माल येते तो डोक्यामागे मोजून. सहावी ते आठवीच्या एका लेकराले दिवसाला दीडशे ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, म्हणजे त्यातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रोटीन पोटात जावं असा सरकारी हिशोब. आज किती पोट्टे जेवले तो आकडा रोज मोबाईलवर भरावा लागते. तुले वाढलं तर ते कोण्यातरी सातवीतल्या पोराच्या वाट्यातून जाते, आणि उद्या कोणी साठा तपासायला आलं तर तांदूळ कुठं गेला ते हेडमास्तरांनाच सांगावं लागते, मावशींना नाही. मावशी मनाच्या चांगल्या आहेत पण कागद त्यांच्या नावानं नाही.

आता आठवीवरच रेघ काऊन? तर २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी आणि २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं शाळेतलं जेवण हक्क केलं तेही तिथपर्यंतच. चौदा संपले की कायद्याच्या लेखी तू मोठी झाली! माझं विचारशील तर ही रेघ साफ चुकीच्या जागी आहे, कारण पोरींच्या अंगाला सगळ्यात जास्त खाणं लागते ते नेमकं याच वयात. बरं ही रेघ हलत नाही असंही नाही, तामिळनाडू आणि कर्नाटकात नववी-दहावीच्या पोरांनाही शाळेत जेवण मिळते, ते राज्य आपल्या खिशातून देतात. आपल्याकडे कोणी मागितलंच नाही जोरात. तुझ्या आईच्या वेळेस तर शिजवलेलं अन्न नव्हतंच, हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा, विचारून पाहा तिला. शिजवून द्या असा सुप्रीम कोर्टाचा आदेश २००१ चा, तोही लोक कोर्टात गेले म्हणून आला.

पण कायदा बदलेपर्यंत तू काय उपाशी राहशील काय. म्हणून एक, आईले आजच सांग. तिले वाईट वाटन हे खरं, पण पोरगी नळाचं पाणी पिऊन उपासाचं नाटक करते हे दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर किती वाटन? अन् सांगितलं म्हणजे तिनं चार वाजता उठून पोळ्या लाटाव्या असंही नाही, नववीतली पोरगी रातचाच डब्बा स्वतः भरू शकते. रात्री दोन भाकरी जास्तीच्या टाका, सकाळी त्या कुस्करून कांदा-तिखट घालून फोडणी दे, झाले कुटके, दुपारपर्यंत काही होत नाही त्याले. नाहीतर कोरडी भाकर आणि जवसाची चटणी, वर गूळ-शेंगदाणे. कुटके आणले म्हणून कोणी हसलं तर हसू दे, त्यांच्या घरीही तेच होते फक्त ते सांगत नाहीत.

गोळीचं तर मी आधीच सांगायला पाहिजे होतं. ती निळी गोळी लोह आणि फॉलिक ॲसिडची, रिकाम्या पोटी घेतली की मळमळतेच, बऱ्याच पोरींना होते. म्हणून पोट्ट्या ते हळूच फेकून देतात, तू फेकू नको. सोमवारी काही झालं तरी डब्बा ने, जेवण करून मग घे, आणि सोबत चहा नको, चहानं लोह अंगाला लागत नाही. तरीही चक्कर, धाप असं होत असेल तर उपकेंद्रात सिस्टरला दाखवून रक्त तपास.

दुसरं, शाळेचं. एकटी नको जाऊ, नववी-दहावीच्या आठ-दहा जणी मिळून हेडमास्तरांना भेटा आणि लपूनछपून खिचडी नको, सरळ विचारा की सगळे जेवून उठल्यावर गंजात, म्हणजे खिचडीच्या भांड्यात, जे उरते ते आम्हाला देता येते काय. उरलेलं कुठं जाते ते शाळेत सगळ्यांना माहीत असते, त्याच्यावर मी जास्त बोलत नाही. तिथीभोजनाचंही विचारा. म्हणजे गावातलं कोणी वाढदिवसाला, तेरवीला शाळेत जेवण देते ना, ते. सरकारी तांदळाला एंट्री लागते, गावच्या पैशातल्या पंगतीत नववीले बसवलं तर कोण अडवन? सोयाबीन विकलं की लोकांच्या हाती पैसा असते, तेव्हा सरपंचांच्या कानावर घाला, मार्चमध्ये जाऊन काही उपयोग नाही.

प्रश्न : नातू तिसरीत आहे, जिल्हा परिषद शाळेत. मधात आठवड्याला अंडं भेटत होतं, आता नाही म्हणतो. मास्तर खातात काय? (एक आजोबा, वाशीम जिल्हा)

उत्तर : नाही हो आबाजी, मास्तरांना उगाच बोल लावू नका. अंडं २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालं, न खाणाऱ्यांना केळ. २०२५ च्या जानेवारीत राज्यानं त्याचे पैसे बंद केले आणि द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या म्हटलं. आता वर्गणी कोणाकडून काढता, तुम्हीच सांगा. पण खिचडी पातळ येते, डाळ दिसत नाही असं काही असेल तर मात्र नक्की विचारा. पोरांना वाढायच्या आधी शिक्षकानं चव घ्यायची असते आणि रजिस्टरवर लिहायचं असते. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच जास्त असतात, तुमच्या सुनेला किंवा पोराला मीटिंगला पाठवा आणि ते चवीचं रजिस्टर मागून पाहा म्हणा.