मारहाण आईला, मग मुलांचा ताबा कोणाकडे?

प्रश्न : नवऱ्याच्या मारहाणीमुळे मी धुळ्याचे सासर सोडून अमळनेरला माहेरी आले आहे. चार वर्षांची मुलगी माझ्याजवळ आहे. नऊ वर्षांच्या मुलाला सासरच्यांनी ठेवून घेतले. ‘मुलावर कोणी हात उगारला नाही, तेव्हा ताबा विसर,’ असे ते म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर : ताई, हे म्हणणे कायद्याला धरून नाही. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या (२००५) कलम २१ नुसार, संरक्षणाचा अर्ज चालू असताना दंडाधिकारी मुलांचा तात्पुरता ताबा तुम्हाला देऊ शकतात आणि वडिलांच्या भेटीने मुलाला अपाय होईल असे वाटल्यास ती भेटही नाकारू शकतात. तुम्ही सध्या राहता त्या अमळनेरलाच हा अर्ज करता येतो. पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडेच असावे, असे १९५६ चा हिंदू अज्ञानत्व (म्हणजे अल्पवयीनता) व पालकत्व कायदा सांगतो. त्यामुळे मुलीची फारशी चिंता नको.

मुलाचे प्रकरण मात्र नाजूक आहे. कायमच्या ताब्यासाठी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली वेगळा अर्ज लागतो, तेथे मुलाचे हित सर्वोपरी मानतात आणि समज असलेल्या मुलाची इच्छाही विचारात घेतात. पढवलेले मूल काय बोलेल, हे वेगळे सांगायला नको. म्हणून उशीर करू नका. मारहाणीचा पुरावा म्हणून दवाखान्याचे कागद आणि मुलाकडे तुम्हीच लक्ष देत होता हे दाखवायला तुमची सही असलेले त्याचे प्रगतिपुस्तक वकिलांकडे आधी द्या.