संपाची हाक आली आहे, नवा को-पायलट आहेस: आधी एवढं कर

अभिनंदन! लोहगावला विमानं बघत वाढलेलं पोर कॉकपिटमध्ये बसलं, याचा फार आनंद आहे. आता तुझ्या प्रश्नाकडे वळतो: संपाची हाक आली आहे, तर नव्या को-पायलटने काय करावं?

पहिलं काम, बाँड, म्हणजे ठरावीक मुदत नोकरी न सोडण्याचा कंपनीशी केलेला करार, पूर्ण वाच. टाइप रेटिंगचा (ठरावीक प्रकारचं विमान चालवण्याच्या प्रशिक्षणाचा) खर्च किती धरलाय आणि मुदतीआधी सोडल्यास रक्कम दरवर्षी घटते की तेवढीच राहते, हे बघ. शिवाजीनगर कोर्टातल्या कामगार कायद्याच्या वकिलाला तो दाखव. नोटीस पीरियड वेगळा असतो: डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) 2017 च्या नियमानुसार को-पायलटला 6 महिने, कॅप्टनला 12. नवी मुलं या दोन्हींची गल्लत करतात.

दुसरं, सगळ्यांनी मिळून खोटी आजारपणाची रजा टाकायची असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हण. संपाला रीतसर नोटीस लागते. 2012 मध्ये ड्रीमलायनर (बोइंग 787) विमानाच्या प्रशिक्षणावरून एअर इंडियाचे वैमानिक 58 दिवस संपावर होते. तेव्हा अनेकांना बडतर्फ केलं गेलं.

संघटनेचं सदस्यत्व मात्र आजच घे. पगाराच्या स्लिपा आणि ड्यूटीचे तास जपून ठेव, वाटाघाटीत तेच उपयोगी पडतं. बाकी कोर्टकचेरीचे बारकावे नंतर सांगेन, आत्ता त्यात शिरू नकोस.